करंड्यातली धाकटी

पार्सिपनी, ९ सप्टेंबर २०२४

मोरेश्वरभाऊजींना नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनच करणार होते, पण कानातलं मशीन फोन लावला की कुकरसारखी शिट्टी देतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते चुकून फॅमिली ग्रुपवर जाऊन पडतं. मागे शोभनाला गुडघ्याच्या लेपाचं विचारलं, तर सिॲटलपासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांनी आपापले गुडघे मला कळवले. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही दोघे मित्र चाळीस वर्षं एकमेकांना लिहीत होतात, त्यामुळे घरात पाकिटं भरपूर शिल्लक आहेत.

काम असं आहे. हे जाऊन आता तीन महिने होतील. मिहीर म्हणतो, बाबांच्या सोन्याच्या नाण्यांचं काहीतरी ठरवायला हवं, कुणी जाणकार बोलावून किंमत काढून घेऊ. मी म्हटलं, आधी मोरेश्वरकाका येऊन सगळं लावून देतील, मग तुझा जाणकार. तो "ओके" म्हणाला. पण त्याचं ओके तुम्हाला माहीत आहे, अगदी बापासारखं. तोंडानं ओके आणि कपाळाला आठी.

मला त्यातलं काय कळतं? पिवळं आहे आणि वर आकडा आहे, एवढंच. आख्ख्या संसारात ह्यांनी मला त्या टेबलावर फडकं मारू दिलं नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला तीच नाणी मांडावीत असं मनात आहे. तोवर चिंच लावून लख्ख करून ठेवते.

येताना शोभनालाही आणा.

कांचन


ट्रॉय, १६ सप्टेंबर २०२४

कांचनवहिनी, नमस्कार.

हात जोडतो, ती चिंच आधी बरणीत परत ठेवा! चिंच नको, रिठा नको, राख नको, मऊ फडकंसुद्धा नको. बायकांचं सोनं घासलं की खुलतं, आमचं घासलं की मरतं. पावणेदोनशे वर्षांचा मळ हाच त्याचा दागिना. उचलायचंच झालं तर दोन बोटांनी कडेनं उचलायचं, तव्यावरचा पापड उचलतो तसं. चेहऱ्यावर बोट लागता कामा नये.

अनयालाही पहिल्या दिवशी मी हेच शिकवलं. तुमची नात दर रविवारी ॲन आर्बरहून येते, शोभनाच्या हातची आमटी वाटीनं पिते आणि मग माझ्याजवळ भिंग घेऊन बसते. "आजोबा, हे इतकं ब्लरी का आहे?" म्हणून विचारते. मी सांगतो, पोरी, डलॉनिगाची टांकसाळ म्हणजे मुख्य टांकसाळीची खेड्यातली शाखा. जॉर्जियाच्या डोंगरात सोनं सापडलं. ते फिलाडेल्फियाला न्यायला धड रस्ते नव्हते, म्हणून सरकारनं टांकसाळच तिथं नेली. यंत्रं कुरकुरी, हात नवखे. छाप कुठे पुसट, कुठे तिरका. वीसेक वर्षं चालली आणि सिव्हिल वॉरमध्ये मिटली. म्हणून त्या मोहरा थोड्या, आणि म्हणूनच आम्ही दोघं त्यांच्यापायी वेडे. मोहरा हा शब्द नरेंद्रचा. कॉइन म्हटलं की मला पार्किंग मीटर आठवतो, म्हणायचा.

आठवतं ना, फ्लोरिडाला जाताना मी नकाशा उलटा धरला आणि आपण त्या गावात पोचलो? तुम्ही आणि शोभना रागानं गाडीतच बसून राहिलात. आम्ही दोघं म्युझियममध्ये शिरलो ते अजून बाहेर आलो नाही.

पितृपंधरवडा संपू दे, दसरा होऊ दे, मग येतो. शोभनाचा गुडघा प्रवासाला हो म्हणत नाही, तेव्हा एकटाच येईन. एक सांगून ठेवतो. मोहरा विखुरू नयेत, अनयाकडे जाव्यात, असं नरेंद्र मला म्हणाला होता. मिहीरला तसं बोलला होता की नाही, ठाऊक नाही.

मोरेश्वर


पार्सिपनी, १८ नोव्हेंबर २०२४

मोरेश्वरभाऊजींना नमस्कार.

आधी गोड लिहिते. दोन दिवस त्या खोलीत बसून तुम्ही सगळ्या मोहरा सालवार लावून दिल्यात, त्याचे आभार कसे मानू? लक्ष्मीपूजनाला त्या तशाच मांडल्या, मळकटच्या मळकट. हळदकुंकूही लांबूनच वाहिलं. लक्ष्मी म्हणाली असेल, या घरात चिंच संपली वाटतं.

जाताना तुम्ही फार गप्प होतात. साखरभात घासभर खाल्लात. ह्यांची रिकामी खुर्ची बघून तुमचा जीव कासावीस झाला असेल, असं मला वाटलं.

आता कडू. परवा मिहीरनं जाणकार आणला. त्यानं विम्याचे कागद आणि मोहरा ताडून पाहिल्या आणि म्हणाला, यात सगळ्यात किमती जी, तीच नाही. मिहीरनं घर उलटंपालटं केलं. माझे डाळींचे डबेसुद्धा उपसले. रात्री जेवताना म्हणाला, "आई, बाबांनंतर त्या रूममध्ये एकच माणूस बसला होता."

मी म्हटलं, "तोंड सांभाळ. त्या माणसानं तुला सायकल शिकवली."

"आय नो, आई. पण मग गेली कुठे?"

मी विचारलं, कशी दिसते ती? तर म्हणाला, तुला नाही कळायचं. एवढं काय न कळण्यासारखं आहे? सगळ्यात किमती म्हणजे सगळ्यात मोठी असणार, पाच डॉलरवाली.

भाऊजी, ह्यांनी जाण्याआधी ती तुम्हाला दिली असेल तर तसं लिहा. तुमच्याहून हक्काचं कोण होतं ह्यांना? मिहीरला मी समजावीन. हे विचारायला नको होतं, पण न विचारता पोटात ठेवलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं.

कांचन


ट्रॉय, २५ नोव्हेंबर २०२४

कांचनवहिनी, नमस्कार.

नाही. नरेंद्रनं दिली नाही आणि मी नेली नाही. शोभनाच्या गळ्याची शपथ. (हे मोठ्यानं वाचून दाखवलं तर शोभना स्वयंपाकघरातून ओरडली, "माझा गळा कशाला? तुमचा काय भाड्यानं दिलाय?")

विचारलंत ते बरं केलंत. झाकून ठेवलेलं आंबतं.

आता माझं ऐका. ती मोहोर जागेवर नाही, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मला वाटलं, मिहीरनं बँकेत लॉकरमध्ये ठेवली असेल. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात सोन्याची चौकशी करू नये, म्हणून गिळून बसलो. तुमचा साखरभात त्यामुळेच उतरला नाही. साखर कमी नव्हती, काळजी नसावी.

त्या दिवसांत कोण आलं-गेलं ते आठवून बघा. हॉस्पिसची नर्स, फ्युनरलवाले, भेटायला आलेले. टेबलाचा उजवा ड्रॉवर कुणी उघडला होता का?

एरवी कुणी चोर म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं. पण नरेंद्रच्या घरात मी कधी बेल वाजवून शिरलो नाही. पुढच्या वेळी दारात उभं राहून वाजवावी लागेल, असं काल गाडी चालवताना मनात आलं, आणि एक्झिट चुकलो.

मोरेश्वर


पार्सिपनी, ३ डिसेंबर २०२४

मोरेश्वरभाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र मी मिहीरला वाचून दाखवलं आणि चूक केली. "माहीत होतं तर तेव्हाच बोलले का नाहीत?" एवढंच म्हणाला. पाहुण्याची रीत त्याला काय समजावू? इथं वाढलेला मुलगा तो. त्यानं अनयालाही फोन करून सांगितलं, रविवारचं ट्रॉयला जाणं बंद. मला हे दोन दिवसांनी कळलं. शोभना आमटी करून बसली असेल, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

ड्रॉवरचं विचारलंत. दुसऱ्या कुणी उघडला नाही. मीच उघडला, तोही एकदाच, आणि एका डॉलरसाठी.

शेवटच्या सकाळी ह्यांचा श्वास बदलला. नर्स म्हणाली, आता जवळ बसा. मिहीर खाली सियाला, त्याच्या बायकोला, फोन करत होता. ती तेव्हा मुंबईहून परतीच्या विमानात चढत होती. गंगाजल घरात होतं, तुळस खिडकीत होती. तोंडात ठेवायला सोन्याचा कण हवा. मंगळसूत्रातला मणी काढायला हात वर नेला, पण ह्यांचा श्वास चालू होता हो. श्वास चालू असताना त्यांच्यासमोर मंगळसूत्र कसं तोडू? म्हणून ड्रॉवर उघडला. आत सासूबाईंचा चांदीचा कुंकवाचा करंडा होता, त्यात कापसावर अंगठ्याच्या नखाएवढी मोहोर. चष्मा लावून नीट वाचून घेतलं: एक डॉलर. म्हटलं, सगळ्यात लहान आहे, ही जाऊ दे ह्यांच्याबरोबर. तुळशीच्या पानावर ठेवून तोंडात घातली. ओठ हलल्यासारखे वाटले. मग काही नाही.

बाकी कशाला हात लावला नाही. ती पाच डॉलरवाली कुठे गेली, देव जाणे.

कांचन


ट्रॉय, १० डिसेंबर २०२४

नरेंद्र,

हे पत्र पाठवायचं नाही. पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवू? पण वहिनींचं पत्र वाचल्यावर दुसरं कुणाशी बोलू ते सुचेना.

धाकटी तुझ्याजवळ आहे.

वीस वर्षं तू तिच्यामागे होतास. टांकसाळ बंद पडली त्या सालची, अठराशे एकसष्टची, एक डॉलरची. लढाईच्या धामधुमीत दक्षिणेच्या लोकांनी टांकसाळ ताब्यात घेऊन उरल्यासुरल्या सोन्यातून पाडलेली. किती पाडल्या याची कुठे नोंद नाही. ती मिळाली तेव्हा तू मला रात्री जागं करून फोनवर नुसता हसत राहिला होतास.

तुला सांगत होतो, तिला सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीतून काढू नको. "जन्मठेप कशाला?" म्हणालास आणि आईच्या करंड्यात ठेवलीस. डबीत असती तर वहिनींना ती निघाली नसती. पण तसं झालं असतं, तर त्या सकाळी त्यांनी काय केलं असतं? तेव्हा तुझं बरोबर होतं असं आज लिहितो. जिवंत असतास तर लिहिलं नसतं.

मिहीरला सगळ्यात किमतीची हवी होती. वहिनींनी सगळ्यात लहान दिली. दोघंही एकाच मोहरेबद्दल बोलतायत आणि दोघांनाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. एका ओळीत मी सुटतो, अनया रविवारी परत येते. पण मग वहिनी उरलेलं आयुष्य त्या सकाळकडे बघून काय म्हणतील? आज त्यांच्याजवळ ती सकाळ नीट आहे. नवऱ्याला रीतीनं निरोप दिला, त्याच्या आवडीचं सोनं दिलं, ओठ हलले. त्यावर मी आकडा लिहून पाठवू?

शोभनाला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "झाकली मूठ राहू द्या. तुम्ही काय आहात ते मला माहीत आहे, तेवढं पुरे." मग आमटी ओतून ठेवायला गेली. अजून रविवारी तिघांचीच करते.

मोरू


ट्रॉय, १० डिसेंबर २०२४

कांचनवहिनी, नमस्कार.

पत्र पोचलं. त्या सकाळी तुम्ही केलंत ते अगदी योग्य केलंत. नरेंद्रला याहून चांगला निरोप मिळाला नसता. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही.

मोहरेचा विषय आता सोडा. म्हातारपणी माझे हात कापतात. लावताना माझ्याच हातून कुठे तरी पडली, हरवली असेल. मिहीरला तसंच सांगा. त्याला माझ्याकडून काही भरून हवं असेल तर बोलू. अनयाला रागावू नका, अभ्यास कर म्हणावं.

थंडी फार आहे. ड्राइव्हवेवर मीठ टाकून घ्या.

मोरेश्वर


पार्सिपनी, ६ जानेवारी २०२५

मोरेश्वरभाऊजी,

खोटं बोलायलाही सराव लागतो. तुमचा नाही. आधीच्या पत्रात गळ्याची शपथ, आणि पुढच्यात "हरवली असेल"? वाचल्यावर मला एवढंच कळलं, की तुम्ही काहीतरी पाठीमागे धरून उभे आहात. काय, ते कळेना.

सुट्टीत अनया आली. मी म्हटलं, तुझे आजोबा तुला फोटो पाठवायचे ना, ती हरवलेली दाखव बघू. तिनं फोन पुढे केला. ह्यांच्या अंगठ्यावर ठेवलेली मोहोर. गॅरेजच्या दारात चेंगरलेलं ते काळं नख मी कुठेही ओळखीन. आणि मोहोर नखाएवढी. मी म्हटलं, "अगं, ही तर एक डॉलरची." ती म्हणाली, "हो आजी, दॅट्स द वन. दिस इज द रेअरेस्ट."

भाऊजी, मी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मूर्ती लहान, कीर्ती महान, हे आम्ही गणपतीच्या दिवसांत पोरांना शिकवतो, आणि मी मात्र आकडा वाचून मोकळी.

मग मिहीरला बोलावलं. अनयासमोरच सांगितलं. तो उठून गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, आता गाडी घेऊन निघून जाईल. थोड्या वेळानं आत आला तर डोळे लाल आणि चेहऱ्यावर हसू. म्हणाला, "बाबा टूक इट विथ हिम. ऑफ कोर्स ही डिड!" मग म्हणाला, "मी काकांना काय बोलून बसलो, आई." मी म्हटलं, ते मला नको सांगूस, तिकडे फोन कर. तो करेल. उचलाल तेव्हा ओरडू नका. एकदा ओरडा, मग नको.

जाणकाराला त्यानं कॅन्सल केलं. मोहरा अनयाकडे राहतील. ह्यांचं म्हणणं मी सांगितलं.

तुम्ही माझी ती सकाळ सांभाळलीत. तुमचं नाव पणाला लावून. पण तुम्हाला वाटलं तसं झालं नाही. मला पश्चात्ताप शोधूनही सापडत नाही. वीस वर्षं जिच्यामागे धावले, तीच हातात घेऊन गेले की हो हे. मी ठरवून दिली असती तर एवढी नेमकी दिली नसती.

करंडा मात्र रिकामा बरा दिसेना. त्या दिवशी जो मणी काढायला हात झाला नव्हता, तो काल काढला. अनयाबरोबर मोहरा आणि हा करंडा पाठवते आहे. मणी धाकटीच्या जागी ठेवा; तुम्ही दोघं तिला धाकटी म्हणायचात, हे अनयानं सांगितलं.

आणि येताना बेल वाजवलीत तर दार उघडणार नाही.

कांचन


ट्रॉय, २० जानेवारी २०२५

कांचनवहिनी, नमस्कार.

मिहीरचा फोन आला. तुमच्या आज्ञेप्रमाणे एकदा ओरडलो. मग दोघं स्नो किती पडला यावर अर्धा तास बोललो.

काल रविवार. अनया आली. शोभनानं आमटी केली होती ती तिनं तीन वाट्या प्यायली आणि वर "आजी, आंबट जास्त झालीय" असं ऐकवलं. शोभना म्हणाली, "दीड महिना उकळतेय, होणारच."

मग टेबल पुसून, कापड घालून आम्ही मोहरा काढल्या. सालवार लावल्या. शेवटी तिनं करंडा उघडला. तुमचा मणी उचलायला दोन बोटं पुढे केली, मी शिकवली तशी, आणि थांबली. म्हणाली, "आजोबा, हा कडेनं कसा धरू? याला कडच नाही."

मी म्हटलं, हा असाच घे. मुठीत धर. याला बोटं लागली तरी चालतात.

मोरेश्वर